कुंपणाबाहेरचा रस्ता

ही हकिकत मी कित्येक वर्षं टाळली. कुणी विषय काढला की चहा मागवायचो.

देशाच्या सुरक्षेसाठी इंधनाचा साठा करायचा एक सरकारी प्रकल्प आसेगावच्या पुढे, आमच्या गावाला लागून येणार होता. मी वाशीमला त्याच प्रकल्पाच्या हिशेब शाखेत होतो. अंदाजपत्रकाचं पुस्तक आलं की पहिली दोन पानं उलटून सरळ तक्त्यांवर जायचं, ही आमची रीत. त्या दोन पानांत व्याख्या असत. त्या वकिलांसाठी, असा आमचा समज.

प्रकल्पाला गावाचं गायरान हवं होतं. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी माझा बालमित्र ऑफिसात आला.

"मले एवढंच सांग, गावापासून सडकेलोक रस्ता यात येते का?"

"येतो की. प्रकल्प म्हटला की सडकेपर्यंत रस्ता आलाच."

माझ्या त्या शब्दावर त्यानं सभेत लोकांना राजी केलं. गायरान गेलं, कुंपण झालं, कुंपणाच्या आत गुळगुळीत डांबर झालं. गावाचा रस्ता चिखलाचाच राहिला. पारावर लोक त्याला हटकायचे, "काय दादा, कुठलोक आला तुमचा रस्ता?" त्यानं माझं नाव कधी घेतलं नाही.

निवृत्तीनंतर ती दोन पानं वाचली आणि वाचतच राहिलो. 'प्रकल्प म्हणजे कुंपणाच्या आतील बांधकाम व त्यास लागणारी यंत्रे.' सुरक्षेचीही व्याख्या होती, ऊर्जेचीही. रोजच्या बोलण्यातले शब्द, पण इथे प्रत्येकाला हद्द आखून दिलेली. कोण बसून आखत असेल? गावाचा विचार त्याच्या मनात आला असेल का?

गेल्या उन्हाळ्यात पुस्तक पिशवीत घालून मित्राकडे गेलो. पहिलं पान उघडून प्रकल्पाची ती ओळ वाचून दाखवली. त्यानं पुन्हा वाचायला लावली.

"अन् सुरक्षेत आमी येतो का?"

"देश येतो."

"म्हंजे आमी बी आलो. रस्ता तेवढा नाई आला." तो खूप हसला. मग थांबून म्हणाला, "पन हे तर पहिल्याच पानावर हाय ना बे. मंग तू कायले हो म्हनला?"

फाट्यावर बसचा हॉर्न वाजला.

"बस आली," म्हणून मी उठलो.

दिवाळीआधी तो गेला. त्याला सांगायचं होतं ते एवढंच: मी ते पान वाचलंच नव्हतं, आणि माझ्यापायी लोकांचं बोलणं तू ऐकून घेतलंस. मला माफ कर.