बबनचा फोटो लंडनला गेला त्याची गोष्ट

आता तुमच्यापासून काय लपवायचं? स्वतःच्या पायावर कुऱ्हाड सगळेच मारतात हो. मी धार लावून मारली!

काटेवाडीत बबनची आणि माझी डाळिंबाची बाग बांधाला बांध लागून. यंदा त्याची डाळिंबं लंडनला निघाली. निघू द्या, आपलं काय जातंय? पण पेटीवर एक चौकोनी कोड! त्यावर मोबाईल धरला की बबनचा फोटो हजर. हातात डाळिंब, खाली नाव, गाव.

"लंडनच्या बाया बगत्यात म्हनं!" बबन दात काढून म्हणाला.

माझ्या पोटात जे दुखायला लागलं! अहो, त्याच्यापेक्षा माझी डाळिंबं लाल. आणि रूप? जाऊ द्या. फोटोत मला त्याच्या दातांशिवाय काही दिसेना.

तेवढ्यात टीव्हीवर मुक्त व्यापार कराराची चर्चा लागली. कुणीतरी म्हणालं, अशा करारांत वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचेही नियम असतात, माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरायची नाही. सापडलं की! गाडीला किक मारली ती थेट इंदापूर, माल पाठवणाऱ्या कंपनीचं ऑफिस.

"मॅडम, संमती न्हाय आन् फोटू लंडनला? करार म्हाईत हाय का तुमाला?"

"कुणाची संमती नाही, काका?"

"फोटूतल्या मान्साची! मान्साला काय इज्जत हाय का न्हाय?"

मॅडमनी फोटो उघडला. फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"खरंच की! माफ करा काका. आजच दुरुस्त करते."

आनंदाच्या भरात मी येताना दोन प्लेट भेळ खाल्ली.

आठवड्यानं बबन मोबाईल घेऊन आला. तोंड पडलेलं. मी मनातून नाचतोय!

"काढला व्हय रं फोटू?"

"माजा न्हाय. तुजा."

बघतो तर बबन तसाच, दात काढून! आणि त्याच्या मागं बांधावर एक माणूस. सदरा माझा, पोट माझं, तोंडावर मात्र धुरकट ठिपका. बातम्यांत चोराला दाखवतात तसा!

"मॅडम म्हनल्या, मागच्या गड्यानं सोता यिऊन तक्रार केली," बबन म्हणाला. "आरं, माजा येकट्याचा फोटू लय भारी आलता. तरी म्या हट्टानं ह्योच दिला. म्हनलं, लंडनला जायाचं तर दोगं मिळून जाऊ."

लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

पण खरं सांगू? मान खाली घातल्या घातल्या मनात काय आलं असेल? की आता सगळं लंडन एकट्या बबनकडंच बघणार!