खांद्यात काही नव्हतं

माझ्या कामात अर्धा वेळ उपचारात जातो आणि अर्धा संशयात. दुबई मरीनातल्या एका क्लिनिकमध्ये मी चौदा वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे. कंबर धरून येणाऱ्यांपैकी काहींना उपचार नको असतात, सिक लीव्हचा कागद हवा असतो. अशा वेळी मी बोलता बोलता पेन खाली पाडते. ज्याची कंबर खरंच धरलेली असते तो पेनाकडे नुसता बघतो. बाकीचे पटकन वाकून उचलून देतात आणि वर "नो प्रॉब्लेम" म्हणतात. खोटा कागद मी कधी कुणाला दिला नव्हता. या गोष्टीचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे.

आमच्या ओळखीचे सांगलीकडचे एक मसाल्याचे व्यापारी आहेत. मी त्यांना साहेब म्हणते, ते मला ताई. अल क्वोजमधलं त्यांचं एक वेअरहाऊस रिकामं झालं, तेव्हा त्यांनी तिथे जाळ्या लावल्या आणि बेसबॉलचा हौशी संघ उभा केला. स्वतः ते क्रिकेटवाले. पण "क्रिकेटचे संघ गल्लोगल्ली आहेत, ताई, बेसबॉलचा आपलाच एक असेल," असं त्यांचं गणित होतं. संघात फिलिपिनो होते, जपानी होते, क्रिकेट सोडलेले आपले तिघे होते. शनिवारी संध्याकाळी सामने. खेळाडूंच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी साहेबांनी मला सीझनभर यायला सांगितलं.

मग एक दिवस वेअरहाऊसच्या दारावर माणसापेक्षा उंच पोस्टर लागलं. अमेरिकेतून पिचर येणार होता. पिचर म्हणजे आपल्याकडचा गोलंदाज, फक्त टप्पा न पाडता फलंदाजाच्या जवळून थेट मागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात चेंडू फेकणारा. हा म्हणे अठराव्या वर्षी तिथल्या मोठ्या क्लबने उचलला होता. असा हात पिढीत एकदाच येतो, असं तेव्हा पेपरांनी लिहिलं होतं. आता तो एकतीस वर्षांचा होता.

मला पहिल्या दिवसापासून ते पटलं नाही. असा माणूस मसाल्याच्या गोदामात कशाला येईल? घरी मी इंटरनेटवर शोधलं. अठराव्या, एकोणिसाव्या वर्षाचे फोटो भरपूर होते. त्यानंतर काहीच नाही. मी फोटोतला कान आणि याचा कान ताडून पाहिला. माणूस तोच होता. तरी मन खात होतं. तो कमी बोलायचा, डोळ्याला डोळा देत नसे, आणि रविवारी सकाळी एकट्याला सराव करू द्या, दार बंद ठेवून, अशी त्याने साहेबांना अट घातली होती.

जाळीत मात्र त्याने कमाल केली. चेंडू हातमोज्यात आपटल्याचा आवाज पत्र्यावर घुमायचा. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत, ताई? हा आवाज इथे कुणी ऐकला नसेल."

पहिल्या सामन्यात त्याचा पहिला चेंडू फलंदाजाच्या तीन फूट अलीकडे जमिनीत गेला. दुसरा कॅचरच्या डोक्यावरून. तिसरा फलंदाजाच्या पाठीमागून. दहा-बारा चेंडूंनंतर त्याने उजवा खांदा धरला आणि बाहेर आला. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही शनिवारी तेच.

मी खांदा तपासला. हालचाल पूर्ण होती, ताकद पूर्ण होती, कुठे दाबलं तरी चेहऱ्यावर आठी नाही. साहेबांनी एमआरआय काढायला लावला. "बाराशे दिरहम, म्हणजे आपले एकोणतीस हजार," असं म्हणत त्यांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला. रिपोर्ट स्वच्छ होता. मला वाटलं, पितो की काय. तो मैदानात असताना मी बाकावरची त्याची बाटली उघडून हुंगली. लिंबू-मीठ-पाणी होतं. तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटला तो राग, कारण काहीच हाती लागत नव्हतं.

साहेबांना मी फोनवर सांगितलं, "खांद्यात काही नाही. तो खोटं बोलतोय."

"लेखी द्या," ते म्हणाले. "मी त्याला परत पाठवतो. खलास."

लिहिण्याआधी खात्री करावी म्हणून रविवारी सकाळी सातला मी वेअरहाऊसच्या मागच्या दाराने आत गेले. उपचाराच्या खोलीसाठी त्या दाराची किल्ली माझ्याकडे होतीच. रिकाम्या रॅकमागे उभं राहून मी त्याला पाहत राहिले.

फलंदाज जिथे उभा राहतो तिथे त्याने एक खुर्ची ठेवली होती आणि खुर्चीच्या पाठीवर स्वतःचं जॅकेट. चेंडू घेऊन तो समोर उभा राहायचा, हात मागे न्यायचा आणि थांबायचा. पुन्हा हात मागे, पुन्हा थांबायचा. शेवटी फेकला तो चेंडू पार बाजूच्या जाळीत गेला. मग त्याने जाऊन जॅकेट काढलं, खुर्ची सरकवली, आणि परत येऊन सहा चेंडू फेकले. सहाच्या सहा एकाच जागी. मग पुन्हा खुर्ची, पुन्हा जॅकेट. अर्धा तास हेच चाललं होतं. त्याचा टी-शर्ट भिजून पाठीला चिकटला होता.

माझा फोन वाजला. मुलगी होती. "मम्मा, व्हेअर आर यू?" मी फोन बंद केला, पण त्याने ऐकलं होतं.

"केव्हापासून इथे आहात?" त्याने विचारलं.

"सुरुवातीपासून."

"मग सगळं पाहिलंत." तो त्याच खुर्चीवर बसला, जॅकेटवर पाठ टेकून.

मग त्याने सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी त्याच्या हातून एक चेंडू सुटला आणि समोरच्या फलंदाजाच्या गालाचं हाड मोडलं. "तो पुढच्या वर्षी परत खेळायला लागला. मला लग्नाचं आमंत्रणही पाठवलं. मीच परत आलो नाही." इथे आपल्याला कुणी ओळखत नाही, तर कदाचित जमेल, असं त्याला वाटलं होतं. इथे येऊन पाहिलं तर दारावर पोस्टर.

"हे साहेबांना सांगा ना," मी म्हटलं.

"नको. खांदा दुखावलेल्याला लोक परत बोलावतात. घाबरलेल्याला कुणी बोलावत नाही."

मी मागच्या दाराने बाहेर पडले. घरी आले, लॅपटॉप उघडला आणि लिहिलं: उजव्या खांद्याच्या स्नायूला सूज, पिचिंग बंद, मैदानाच्या मागच्या टोकाला क्षेत्ररक्षण चालेल. सही करताना हात थोडा थांबला. पण केली.

उरलेले सामने तो मागे उभा राहून खेळला आणि चांगला खेळला. पळत जाऊन दोन अवघड झेल घेतले. शेवटच्या सामन्यात बरोबरी असताना चेंडू त्याच्याकडे गेला आणि समोरचा एक खेळाडू धाव पुरी करायला घराकडे, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटकडे, पळत सुटला. तिथे आमचा कॅचर वाट पाहत होता, पण फेकीच्या रेषेत तो पळणारा होता. याने फेकलं असतं तर तो खेळाडू सहज बाद होता. याने हात मागे नेला आणि थांबला. मग चेंडू दुसरीकडेच, जवळच्या माणसाकडे दिला. आम्ही एका धावेने हरलो.

आठवड्याने तो अमेरिकेला गेला. भावाच्या फळबागेत काम करतो, असं त्याने नंतर कळवलं. संध्याकाळी गावातल्या संघात खेळतो, मागेच उभा राहतो.

त्या शेवटच्या सामन्यानंतर पार्किंगमध्ये साहेब माझ्या गाडीपाशी आले.

"ताई, एक विचारू? फोनवर तुम्ही म्हणालात खांद्यात काही नाही. मग कागदावर सूज कुठून आली?"

"दुसऱ्यांदा तपासला तेव्हा सापडली."

"एमआरआयमध्ये नव्हती ती?"

"कधी कधी दिसत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. ती नजर माझ्या ओळखीची होती. क्लिनिकमध्ये रोज मीच तसं बघते. "बरं," ते म्हणाले आणि आपल्या गाडीत जाऊन बसले.

पुढच्या सीझनला त्यांनी दुसरा फिजिओ घेतला. दिवाळीला फराळाचा डबा आला, नेहमीसारखा. फिजिओ बदलल्याचं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.