हळदीच्या कॅप्सूलचे पेशंट

जव्हारच्या आमच्या दवाखान्यात दर गुरुवारी धापेचे जुने पेशंट येतात. श्वास पुरत नाही, पण गप्पा मात्र पुरून उरतात! मी इथली नर्स. केसपेपरवर मावत नाही ते सगळं माझ्याकडे साठत जातं. सध्या विषय एकच, धापेवर रामबाण म्हणून विकली जाणारी हळदीच्या अर्काची कॅप्सूल.

*

पोशेऱ्याचे एक रिटायर्ड गुरुजी मोबाईलवर लेख घेऊन आले. "मॅडम, पुरावा आणलाय!"

आमच्या डॉक्टर मॅडमनी तो शेवटपर्यंत वाचला. "गुरुजी, हा प्रयोग उंदरांवरचा आहे. माणसांबद्दल अजून खात्रीनं सांगता येत नाही."

गुरुजींनी चष्मा पुसला. "बरं, उंदरांची धाप तरी गेली ना?"

*

मोखाड्याचे एक क्लार्क खोकला कमी झाला म्हणून पेढे घेऊन आले. "कॅप्सूलची कमाल!"

विचारल्यावर कळलं, बिडीही त्याच दिवसापासून बंद. कॅप्सूलच्या डबीवर 'धूम्रपान टाळा' लिहिलं होतं.

"अहो, मी दोन वर्षं तेच सांगतेय!" मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही तोंडी सांगत होतात. हे छापील होतं!"

*

साखरशेतच्या जनीबाईंनी बिडीला कधी हात लावला नाही. छाती गेली ती चुलीच्या धुरानं. एकदा त्यांना जीपमधून आणलं, तेव्हा ओठ निळे पडले होते. आम्ही दिलेला धापेचा पंप ओढणं त्यांनी बंद केलं होतं. ठाण्यात कामाला असलेल्या मुलानं कॅप्सूल पाठवल्या होत्या ना!

ऑक्सिजनवर जरा बोलता यायला लागलं तशा म्हणाल्या, "पोरानं पाठवल्या. दोन्ही घेतलं तर त्याच्या औषधाचा गुण कसा कळंल?"

मॅडमनी मुलाला फोन लावला. त्याचा आवाज रडवेला झाला. "मग मी तिच्यासाठी काय करू?"

"रोज सकाळी व्हिडिओ कॉल कर. तुझ्यासमोर पंप घेऊ दे."

आता जनीबाई रेंजसाठी शाळेच्या पायरीवर बसतात, पंप पदरात घेऊन.

*

वावरचे सखारामबाबा मात्र कॅप्सूलवर भलतेच खूश. "आता न थांबता चढ चढतो, मॅडम!"

ते वजन करायला बाहेर गेले, तशी त्यांची बायको मॅडमच्या कानाशी वाकली.

"त्या गोळीनं म्हाताऱ्याचं पोट जळायचं. सोड म्हटलं तर ऐकंना. मग मी कॅप्सूल उघडून हळद काढते नि नाचणीचं पीठ भरते. दोन महिने झाले."

"आणि पंप?"

"तो समोर बसून घ्यायला लावते. रोज."

एवढ्यात बाबा आत आले. "मॅडम, कॅप्सूल चालू ठेवू ना?"

मॅडमनी एकदा बायकोकडे पाहिलं.

"ठेवा बाबा. पण यांच्याच हातून घ्यायची हं!"