बेंजो आणि हॉलभर खुर्च्या

आमचं मालक, म्हंजे गुंडू मास्तर, निपाणीत बेंजो वाजवतात. बेंजो म्हंजे काय हे निपाणीत कुणाला सांगाय लागत न्हाय, पण बेळगावात जे झालं त्यापास्नं मी आदी सांगतो आन् मगच फुडं बोलतो. लाकडाची लांबट पेटी, वर तारा, आन् टायपरायटरला असत्यात तशी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या पट्टीनं तारा छेडायच्या. पेटी हातगाडीवर ठेवायची, भोंगा लावायचा, आन् फुडं वरात नाचत चालली की मागनं वाजवत जायाचं. ह्याला आमी बेंजो म्हणतो. बाकीची दुनिया कशाला बेंजो म्हणते ते आमाला कुणी कवा सांगितलंच न्हाय.

आन् मी त्यांची बायको, राजाबाई. आमच्याकडं बायका बी 'गेलतो-आलतो'च म्हणतात. माझी पोरगी प्रियदर्शनी बेळगावात हॉस्टेलवर राहून कॉलेज करते, ती मला शिकवाय लागलीय, "आई, 'गेले होते' म्हण." म्या म्हनलं, बाई गं, तुझ्या जल्माच्या येळी बी मी दवाखान्यात 'गेलतो'च, आता काय बदलू?

मालक माणूस म्हणून सोन्यासारखा, पण डोस्कं खातो. मिसरूड फुटायच्या आदी भरमा मामाच्या बेंजो-पार्टीत शिरलं, मामानं त्यांच्या बोटांवर पट्ट्या मारून मारून बेंजो शिकवला. तवापास्नं लग्न म्हनू नका, गणपती म्हनू नका, यात्रा म्हनू नका, निपाणीपास्नं चिकोडीपतुर एक गल्ली न्हाय जितं ह्यांचा भोंगा वाजला न्हाय. लोकं नाव घेत्यात. नवरदेवाचं दोस्त गाडीवर चढून गळ्यात पडत्यात. पण ह्यांचं रडगाणं एकच. "तीस वर्षं झाली, एका माणसानं खाली बसून माझं ऐकलं न्हाय. समदे माझ्याकडं पाठ करून नाचत्यात."

आता वरातीत माणूस नाचणार न्हाय तर काय पाट मांडून बसणार? किती येळा सांगितलं. पण न्हाय! एकदा एका यात्रेत एक म्हातारा बरोबर गाडीसमोर खाली बसला. मालकांचा जीव सुपाएवढा झाला. जीव लावून वाजवलं, घाम पुसला न्हाय. मागनं कळलं, म्हाताऱ्याची चप्पल तुटलीती, ती बांधत बसलाता. हे बी मला हसून सांगावं का न्हाय? दोन दिवस जेवण गोड लागलं न्हाय त्यांना.

त्यातनं डीजे आला आन् वराती बी कमी झाल्या. मग काय, मालक घरातच. त्यांचं एक सोताचं गाणं हाय, कुठल्या पिक्चरातलं न्हाय, त्यांनीच जुळवलेलं. त्याला नाव न्हाय. वरातीत ते कवा वाजवलं न्हाय, म्हणत्यात "ते नाचायचं न्हाय, ऐकायचं हाय." कोण ऐकणार, तर कुणी न्हाय!

अशात प्रियाचा फोन आला. तिच्या कॉलेजात दोन गोरी पाव्हणी आलीती. एक आयर्लंड म्हणून देश हाय तिथली ऑर्लाबाई, व्हायलिन वाजवणारी. दुसरा अमेरिकेतल्या डोंगरातला वेन सायेब, बेंजो वाजवणारा. दोघं मिळून गावोगाव कार्यक्रम करत्यात आन् जितं जातील तिथल्या वाजवणाऱ्यांना संग घेत्यात. पण विमानातनं येताना सायबाच्या बेंजोची मानच मोडली. कॉलेजातल्या दीप्ती मॅडम घायकुतीला आल्या, हिकडं कुटं बेंजो मिळेल का? तर आमची प्रिया वर्गात ताडकन उभी. "मॅडम, माझे बाबा बेंजो वाजवतात!"

दीप्ती मॅडमनी लगोलग मालकांना फोन केला. बोलणं काय झालं तर मालकांनी एकच इचारलं, "हॉल हाय? खुर्च्या हाईत?" मॅडम म्हनल्या, हॉलभर खुर्च्या हाईत. बास. मालकांनी फोन ठेवला आन् तारा बदलाय काढल्या. चार दिवस घरात त्येल, चिंध्या आन् तारांचं तुकडं. भाकरीत सुदीक तार घावली मला. म्या म्हनलं, अवं, पाव्हण्याला बेंजो पाहिजे म्हणत्यात, तो वाजवणार, तुमी न्हवं. तर मालक म्हनलं, "दोघं वाजवू. माणसं बसून ऐकणार हाईत, कळतंय का तुला?" मला काय कळतंय? मला कवा काय कळलंय ह्या घरात!

ऐतवारी बेंजो जुन्या लुगड्यात गुंडाळला आन् दोघं बेळगावला गेलतो. मी घरात तंबाखूच्या विड्या वळतो, त्या कामाचा खाडा झाला, गुडघं एष्टीत आखडलं, ते येगळंच.

हॉलात गेलतो तर वेन सायेब हात पसरून फुडं आला. उंचच्या उंच, टाचा वर करून बघावं असा माणूस. मालकांनी लुगडं सोडलं. सायेब बघतोय. पेटीच्या हिकडनं बघतोय, तिकडनं बघतोय, खाली वाकून बघतोय. मग प्रियाला हळूच काय तरी इचारलं. प्रियाचं तोंड लालबुंद.

"बाबा, ते म्हणतात, हे छान आहे, पण बेंजो कुठं आहे?"

"ह्योच की!" मालक म्हनलं.

मग सायबानं आपला मोडका बेंजो आणून दावला. अगं आई! गोल डफाला लांब दांडा लावल्यागत. मालक म्हनलं, "ह्यो बेंजो व्हय? ह्याला बटणं कुटं हाईत?" दीप्ती मॅडमनी कपाळाला हात लावला. त्या चिकोडीच्या, पण शिकल्या बंगळूरात, वरातीचा बेंजो त्यांच्या धेनातच आला न्हाय. प्रिया रडायच्या घाईला आली. तिची तरी काय चूक? जल्मल्यापास्नं तिनं ह्योच बेंजो बघितलाय. मला मात्र असला राग आला, कुणावर काढावा तेच कळंना.

पण सायेब बरा निघाला. खाली बसून एकेक बटण दाबून बघाय लागला आन् लहान पोरागत हसाय लागला. म्हनला, मी गिटार वाजवतो, तुमी हेच वाजवा. मग ऑर्लाबाईनं व्हायलिन धरली आन् एक चाल वाजवली. तीच चाल सायबानं गिटारवर वाजवली, पर जरा येगळी, उड्या मारत. दीप्ती मॅडमनी उलगडून सांगितलं, की हिच्या देशातली माणसं लई वर्षांमागं पोटासाठी जहाजातनं त्याच्या देशात गेली, जाताना चाली संग नेल्या. म्या म्हनलं, हात्तिच्या! तिकडच्या चिकोडीच्या पोरी कानडी गाणी घेऊन निपाणीत नांदाय येत्यात आन् दोन वर्षांत तीच गाणी मराठीत म्हणत्यात, तसंच की. मॅडमनी हे पाव्हण्यांना सांगितलं तर ऑर्लाबाईनं येऊन माझा हातच धरला. हात लई खरबरीत, पार माझ्यासारखा.

मालकांनी दोन खेपंत चाल उचलली. तिघांचं जमलं. मला बी बरं वाटलं. आन् तिथंच माशी शिंकली.

ऑर्लाबाई हॉलकडं बघून म्हनली, ह्या समद्या खुर्च्या काढा.

प्रियानं हळू आवाजात सांगितलं, "बाबा, त्या म्हणतायत, ह्या सगळ्या चाली नाचायच्या आहेत. त्यांच्याकडं लोक पूर्वी नाचायचे, आता नुसते तिकीट काढून खुर्चीत बसतात. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर कुणी नाचलंच नाही. तुमच्या बेंजोवर लोक नाचतात हे मी सांगितलं, म्हणून त्यांना लई आनंद झालाय."

मालकांचं तोंड बघवंना. पट्टी खाली ठेवली. "तिला सांग, तिच्या देशात लोक बसून ऐकत्यात न्हवं? मग मला तिकडं धाड आन् तिनं हितं ऱ्हावं."

प्रियानं माझ्याकडं बघितलं. म्या म्हनलं, सांग की गं! तिनं सांगितलं. ऑर्लाबाई आदी खदाखदा हसली. मग मालकांच्या तोंडाकडं बघितलं आन् तिचं हसू थांबलं. वेन सायेब खुर्च्यांकडं बघत उभा.

मालक लुगडं गुंडाळाय लागलं. "खुर्च्या काढल्या तर मी वाजवत न्हाय." झालं! दीप्ती मॅडम इनवण्या कराय लागल्या, ह्यांचं एकच, न्हाय म्हंजे न्हाय. म्या जवळ जाऊन म्हनलं, "अवं, पोरीच्या कॉलेजात तिचं नाक कापताय व्हय? खुर्ची-खुर्ची करून काय खुर्ची डोस्क्यावर घिऊन जायाची हाय?" तर म्हनलं, "तुला न्हाय कळायचं." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एवढं बोललो, वर मलाच न्हाय कळायचं!

शेवटी ऑर्लाबाईनंच तोडगा काढला. पहिलं गाणं मालकांचं, एकट्याचं, समदे खुर्च्यांवर बसून ऐकतील. त्यानंतर खुर्च्या बाजूला. मालकांनी व्हय म्हणून मान हलवली. मला ठावंच हुतं कुठलं गाणं वाजवणार ते.

चार वाजता हॉल भरला. पोरं-पोरी, मास्तर, बेळगावच्या शहापुरातनं आलेली माणसं, समदी शिस्तीत खुर्च्यांवर. मी माझं गुडघं धरून पहिल्याच रांगंत. मालक मांडी घालून स्टेजवर बसलं, फुडं बेंजो. येवढी माणसं आपल्याकडं तोंड करून बसलीत हे त्यांनी डोळं भरून बघितलं. पट्टी तारेला लागली.

आन् त्यो आवाज हॉलातल्या भोंग्यातनं बाहिर पडला, की मागच्या रांगंतनं शिट्टी! बेंजोचा आवाज म्हंजे आमच्या भागातल्या माणसाच्या पायाला घातलेलं इंजेक्शनच. एक उठलं, दुसरं उठलं, खुर्च्या खडाखड मागं सरकल्या. गाणं कुठलं, चाल कुठली, कुणाला पडलंय? एक पोरगं दातात रुमाल धरून नागीण डान्स कराय लागलं. मास्तर लोकं सुदीक! म्या वरडलो, "खाली बसा की रं मुडद्यांनो! ऐका की जरा!" कोण ऐकतंय माझं? ऑर्लाबाई तर स्टेजवरच टाळ्या वाजवत उड्या मारत हुती, डोळ्यात पाणी. तिचं तरी काय चुकलं म्हणावं, तिची बी तीच भूक. मालकांनी मान खाली घातली आन् वाजवत ऱ्हायलं. मला त्यांची इतकी कीव आली आन् इतका राग आला, की गुडघं बरं असतं तर एकेकाच्या पाठीत धपाटा घातला असता.

मग तिघांनी मिळून तासभर वाजवलं. हॉल हालवला. दीप्ती मॅडम खुश, प्रिया खुश, पोरांनी तिच्या बाबाला खांद्यावर घेतलं. मालक हसलं, हात जोडलं, फोटो काढलं. मी बघत हुतो, ते हसू नुसतं तोंडावर हुतं.

सांजच्याला निपाणीची गाडी धरली. मालकांच्या मांडीवर लुगड्यातला बेंजो. काकती गेली, हत्तरगी गेली. संकेश्वर आलं तवा बोललं.

"आज एका माणसानं तरी बसून ऐकलं."

"कुणी?"

"तूच की गं. समद्या हॉलात तू एकटी खुर्चीवर हुतीस. म्या बघितलं."

ते मायेनं म्हनलं, मला कळतंय. पण माझ्या डोस्क्यात अशी तिडीक गेली म्हनता!

"आज?" म्या म्हनलं. "आज व्हय? अवं, नांदाय आलो तवापास्नं मी काय करतोय? तुमी कोपऱ्यात बेंजो घिऊन बसता, मी उंबऱ्यापाशी मांडीवर सूप घिऊन विड्या वळतो. विड्या काय उभ्यानं वळत्यात? बसून बसून गुडघं गेलं माझं. समद्या गावाला सांगत हिंडला, एका माणसानं बसून ऐकलं न्हाय. मग मी कोण? मी माणसात न्हाय व्हय?"

फुडची बाई वळून बघाय लागली. बघू दे. मला रडू आलं, लई आलं, थांबंना. कंडक्टर "टिकेट्, टिकेट्" करत आला आन् तसाच फुडं गेला.

मालकांनी मांडीवरचा बेंजो सरळ केला. मग कुणी वळख नसलेल्याला इचारावं तसं भीत भीत इचारलं, "मग कसं हाय माझं गाणं?"

येवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा इचारलं ह्या माणसानं. म्या पदरानं नाक पुसलं आन् खरं ते सांगितलं. "मधला तुकडा लई घाईत उरकता. पहिल्यापास्नं. आज बी उरकलात."

"आदी का न्हाय सांगितलंस?"

"इचारलंत कवा?"

त्यांनी लुगड्यावरनंच बटणं चाचपली आन् बोटं दाबाय लागलं. आवाज काय येणार, तारेला पट्टीच न्हवती. पण बोटं कुटं हाईत ते मला दिसत हुतं. "असं?" म्हनलं. म्या म्हनलं, "न्हाय, अजून सावकाश." परत दाबलं. निपाणीच्या ष्ट्यांडावर गाडी वळली तवा बी त्यांची घाई काय गेली न्हवती, म्या म्हनलं, "परत. पहिल्यापास्नं."