खिडक्या बंद होत्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, पाळकसाहेबांना नाही, आणि खरं म्हणजे प्रार्थनेतही नाही — तिथे मी नेहमी ‘माझी सगळी पापं’ असं घाऊक बोलून मोकळी होत आले. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. धैर्य वगैरे काही समजू नका.

ठाण्यात तलावापासून हाकेच्या अंतरावर आमचं ख्रिस्ती देऊळ होतं. कौलारू, साठ माणसांत भरून जाईल एवढं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी असे; त्याच्या आदल्या शनिवारी दिवेलागणीला आम्ही जमायचो. पेटी नाही, तबला नाही, उपदेश नाही. प्रत्येकाच्या हातात एक पेटती मेणबत्ती. ‘प्रभो, दया कर’ ही एकच ओळ संथ सुरात आधी बायकांनी म्हणायची, मग पुरुषांनी, मग पुन्हा बायकांनी — खूप वेळ. मग सगळे डोळे मिटून गप्प.

त्या शांततेत आमची एक रीत होती. ज्याने मंडळीतल्या कुणाचं वाईट केलं असेल, त्याने आपली मेणबत्ती विझवायची. बोलायचं काही नाही. डोळे उघडले की ज्याचं वाईट झालं तो उठणार आणि आपल्या ज्योतीवर ती पुन्हा पेटवून देणार. मिटलं. त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार करायचा नाही, देवळात नाही की बाहेर नाही. तलावावरच्या वाऱ्याने भलत्याचीच ज्योत विझायला नको म्हणून खिडक्या आधी घट्ट लावून घेत. ते काम हन्नामावशीचं.

हन्नामावशी दाई होती. विधवा, पन्नाशीची, गडगडून हसणारी. मंडळीतली निम्मी मुलं तिच्याच हातावर जन्मलेली.

आता मूळ गोष्ट — नाही, थांबा, आधी सुशीला. पाळकसाहेबांची मुलगी, माझी शाळेपासूनची मैत्रीण. नगरचं एक स्थळ मला बघायला आलं होतं, मुलगा मास्तर. आईच्या हाताशी म्हणून मी सुशीलेला बोलावलं. चहा तिने आणून दिला. आठ दिवसांनी निरोप आला — मुलगी पसंत आहे, पण ती चहा देणारी. सुशीला रडत माझ्याकडे आली. मी म्हटलं, “अगं वेडे, हो म्हण की!” आणि तिला मिठी मारली. चांगली घट्ट मारली.

सुशीलेला सोळाव्या वर्षी क्षय झाला होता. पुढे ती पूर्ण बरी झाली. घराबाहेर हे दोघींनाच ठाऊक — तिची शुश्रूषा करणाऱ्या हन्नामावशीला, आणि मला.

नगरला बिनसहीचं पत्र गेलं आणि ठरलेलं लग्न मोडलं. पत्र मी लिहिलं. डाव्या हाताने. अक्षर ओळखू येतंय असं वाटलं म्हणून दोन कागद फाडून तिसरा लिहिला. एवढी काळजी मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कामात घेतली असेन का?

त्या महिन्याच्या शनिवारी पाळकसाहेब एवढंच म्हणाले, “ज्याला विझवायची आहे त्याने आज विझवावी.” हन्नामावशी माझ्या उजव्या हाताला बसली होती. ओळ म्हणून झाली. सगळे गप्प झाले.

मी विझवणार होते. खरंच. छातीत श्वास भरून घेतला होता. मग डोळे किलकिले करून बघितलं. सगळ्यांचे मिटलेले. समोर सुशीला, डोक्यावरून पदर ओढून. आणि मला पुढचं सगळं दिसलं — ती उठणार, मेणबत्ती घेऊन माझ्यापर्यंत येणार, आणि मला क्षमा करणार. त्या दिवशी चहा घेऊन आली तशीच, खाली मान घालून! भीती नव्हती हो मला. तिच्याकडून क्षमा घेणं सोसवेना. श्वास तर भरलेलाच होता. मी मान उजवीकडे वळवली आणि फुंकर मारली.

डोळे उघडले तेव्हा मावशीच्या हातातून धूर निघत होता. तिने वातीकडे बघितलं, मग एकेका खिडकीकडे. तोवर सुशीला येऊन पोहोचली होती. तिने मेणबत्ती पेटवली आणि मावशीच्या गळ्यात पडून रडली. मावशी तिची पाठ थोपटत राहिली. काय बोलणार होती? आरोप कुणी केलाच नव्हता, नाकारायचं काय? बाहेर आल्यावर तिने पाळकीणबाईंचा हात धरून काही सांगायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, “मिटलं ना मावशी, आता त्याचं नाव नाही काढायचं.” किती प्रेमाने म्हणाल्या!

सगळे प्रेमानेच वागले. फक्त बाळंतपणाला तिला कुणी बोलावेना. जिच्या पोटात गुपित राहत नाही तिला त्या खोलीत कोण घेणार?

एकदा ती आमच्या दारात आली. “बाय, खिडक्या तर मीच लावलेल्या. मग वारा कुठनं आला गं?”

मी म्हटलं, “दार नीट लागलं नसेल, मावशी.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. डोळ्यांकडे नव्हे, तोंडाकडे. मग “असंल,” म्हणाली आणि गेली.

पुढे ती कल्याणला पुतण्याकडे राहायला गेली. तिथे तिने कुणाचं बाळंतपण केलं नाही म्हणे. पाच वर्षांनी वारली. कल्याण काही विलायत नव्हे, पण मी एकदाही गेले नाही. सुशीलेला दुसरं स्थळ मिळालं, तिचं छान चाललं. म्हणजे मी जिचं वाईट करायला गेले तिचं काही बिघडलंच नाही. तिने क्षमाही करून टाकली, ती मावशीला मिळाली.

मावशी गेल्यावर खिडक्या लावायचं काम माझ्याकडे आलं. अजून आहे. माझी मेणबत्ती आजवर एकदाही विझलेली नाही, हे मंडळीतल्या बायका आपल्या मुलींना कौतुकाने सांगतात. मी ऐकते, आणि शनिवारी सगळ्यांच्या आधी जाऊन खिडक्या लावते. घट्ट लावते.