मास्तर मागे वळून बघायचे

पास्कू मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी परसात बांगडे साफ करत होतो. फोन फिलूचा होता, मास्तरांच्या नातीचा. मालवणच्या एका इंग्रजी शाळेत ती शिकवते. "इनासकाका, आजोबा गेले. चाय घेतल्यानी आणि बसल्या जागी..." मी "अरे देवा" म्हटलं, माती कधी आहे विचारलं, सगळं रीतसर केलं. पण पहिला शब्द मनात आला तो 'सुटलो' हा. मास्तर सुटले असं नव्हे, मी सुटलो! सत्तरीला टेकलेला माणूस, हातात अर्धा चिरलेला बांगडा, आणि आपल्या शिक्षकाच्या मरणानं त्याला हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्याची लाज काही केल्या जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आमची शाळा म्हणजे चर्चच्या आवारातल्या दोन कौलारू खोल्या आणि समोर चिऱ्याच्या चौथऱ्यावर उभा खुरीस, म्हणजे आमचा क्रूस. मास्तर एकच. सकाळी पाढे, दुपारी आम्हा ख्रिस्ती पोरांना धर्मशिक्षण, संध्याकाळी भूगोल आणि नाताळ जवळ आला की व्हायोलिन काढून गाण्याची तालीम. वाडीतली सगळी पोरं त्यांच्याकडे, कुणाच्याही जातीधर्माची. ज्याला वाचता येत नसे त्याला ते रस्त्यावर नेऊन एसटीच्या पाट्या वाचायला लावत. मी तसाच वाचायला शिकलो आणि पुढे एसटीच्याच वर्कशॉपात जन्म काढला. ताप आलेल्या पोराला सायकलवर घालून मालवणला दवाखान्यात नेणारेही तेच. हे सगळं खरं आहे, आणि हे आधी सांगायला हवं, कारण पुढचंही खरं आहे.

छडी तर सगळ्यांनाच होती. आम्हा ख्रिस्ती पोरांसाठी मात्र खास सोय... खुरसासमोर गुडघे टेकायचे आणि दोन्ही हात आडवे पसरायचे. उपवासकाळात आमच्या आज्या अशाच बसून प्रार्थना करायच्या. देवापुढे बसायची जी रीत, तीच मास्तरांची शिक्षा. तिसरीत असताना मी पश्चात्तापाची प्रार्थना विसरलो आणि भर दुपारी त्या तापलेल्या चिऱ्यावर जाऊन बसलो. बाजारात माल विकून बायका परतत होत्या, त्यात माझी आई, डोक्यावर रिकामी पाटी. ती थांबली. मला वाटलं, आता उठवणार. ती वर्गाच्या दारात उभ्या मास्तरांना म्हणाली, "बरा केल्यात मास्तर," आणि चालू लागली. तेव्हाचे आईबाप तसेच होते, शाळेच्या फाटकात पोराला सोडलं की ते मास्तरांचं. आई वळणाआड गेली आणि माझी चड्डी ओली झाली. मास्तर बाहेर आले, बघितलं, आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "देवासमोर मुतलो बगा ह्यो!" पोरं किती वेळ हसत होती.

त्यानंतर मी चर्चमध्ये कधी गुडघे टेकले नाहीत. नोकरीभर बसखाली गुडघ्यांवर सरपटत नटबोल्ट काढले, तेव्हा काही दुखलं नाही; पण मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, मध्यावर घंटा वाजली की सगळं चर्च खाली आणि मी बाकावर ताठ. बायकोनं विचारलं, सांधेदुखी सांगितली. फादरनी विचारलं, त्यांनाही तेच. मास्तर सगळ्यात पुढच्या बाकावर असत. घंटा झाली की खुरडत गुडघे टेकायचे आणि हळूच मान वळवून मागे माझ्याकडे बघायचे. माझं डोकं फिरायचं. म्हाताऱ्याची मास्तरकी अजून सुटत नाही, असं म्हणून मी आणखी ताठ बसायचो.

गेल्या वर्षी फिलूच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. माझा नातू रायनही तिथेच शिकतो, म्हणून मी आणि मास्तर एकाच रिक्षानं गेलो. एक चिमुरडी स्टेजवर आली, चार शब्द बोलली, पुढचे विसरली आणि भोकाड पसरलं. आमच्या वेळी त्या पोरीचं काय झालं असतं ते मी सांगायला नको. फिलू स्टेजवर गेली, भरल्या सभेत तिच्यासमोर गुडघे टेकून बसली, पदरानं तिचं नाक पुसलं आणि कानात पुढची ओळ सांगितली. पोर उभं आणि मास्तरीण गुडघ्यांवर! मी मास्तरांना कोपरानं ढोसून म्हटलं, "असल्या लाडान पोरा काय शिकतली?" ते स्टेजकडेच बघत होते. परत येताना रिक्षात मात्र अचानक म्हणाले, "माका असा कोणी दाखवक नाय रे..."

आणि मग त्यांचं ते सुरू झालं. काठी टेकत घरोघर जायचं, जुन्या विद्यार्थ्यांना गाठायचं आणि म्हणायचं, मी तुका मारलंय, माका माफ कर. कुणी पाया पडलं, कुणी म्हणालं, "मास्तर, तुमची छडी होती म्हणान आमी माणसात इलो." कुणी सोबत फोटो काढून मोबाइलवर स्टेटस ठेवलं. चहा-खाजं सगळ्यांनी दिलं. 'माफ केलं' एवढं कुणी म्हणालं नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाला असं कसं म्हणायचं?

माझ्याकडे ते शेवटी आले, रविवारची मिस्सा आटपून. अंगणातल्या खळ्यात खुर्ची दिली. काठीची मूठ चोळत त्यांनी विचारलं,

"इनास, तुझे गुडघे खरेच दुखतत?"

"सांधे आसत मास्तर. एसटीन खाल्ले."

"त्या दिवशी खुरसासमोर... मी तुका जा काय बोललंय..."

"खंयच्या दिवशी? माका काय आठवणा नाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पाद्रीकडे कुमसार केलंय, सगळी पापां सांगितलंय. तो म्हणता देवान माफ केला. पण देवाक मी कधी मारूक नाय रे. तुमका मारलंय."

मी म्हटलं, "मास्तर, कोकम सरबत घेवा."

त्यांनी पेला पूर्ण संपवला. उठताना म्हणाले, "आठवणा नाय तर बरा झाला," आणि गेले. आता काय लपवू? मला सगळं आठवत होतं, त्या चिऱ्याचा चटकासुद्धा. माफी मागायला बसलेला तो म्हातारा बघून मला बरं वाटत होतं. मास्तरांना मी माझ्या खळ्यात जणू गुडघ्यांवर बसवलं होतं, आणि उठ म्हणायचं माझ्या हातात असून म्हटलं नाही. त्यांनी निदान एका दुपारपुरतं बसवलं होतं. मी त्यांना मरेपर्यंत ठेवलं. ज्या मास्तरांना मनात शिव्या देत आलो, तसाच एक मास्तर मी माझ्यात सांभाळून ठेवलाय.

मातीच्या दिवशी चर्चमध्येसुद्धा सगळे गुडघ्यांवर होते आणि मी सवयीनं बाकावर बसलेलो. बाहेर आल्यावर फिलूनं माझा हात धरला. "काका, तुमचे गुडघे कसे आहेत आता?" आणि पुढे म्हणाली, "आजोबा रोजच्या जपमाळेनंतर तुमच्या गुडघ्यांसाठी एक प्रार्थना म्हणायचे. आम्हाला पण म्हणायला लावायचे. आणि रविवारी चर्चमधून आले की म्हणायचे, इनास आजव गुडघ्यार बसूक नाय गो." तिनं पिशवीतून दुखण्यावरच्या तेलाची बाटली काढली. आजोबांनीच आणवून ठेवली होती, द्यायची राहिली... मी ती घेतली. कुणाशी नजर मिळवायची हिंमत नव्हती. इतकी वर्षं मागे वळून ते काय बघत होते, ते मला त्यांची माती झाल्यावर कळलं.

गेल्या रविवारी घंटा वाजली तेव्हा मी पुढचा बाक धरला आणि खाली गुडघ्यांवर बसलो. गुडघे कडकडले. इतकी वर्षं खोटं सांगितलेलं दुखणं आता खरंच आलंय. बायकोनं दचकून माझ्याकडे बघितलं. "माफ केलंय मास्तर," मी म्हटलं, तोंडातल्या तोंडात, आणि मान वर केली. पहिल्या बाकाच्या टोकाला त्यांची जागा अजून कुणी घेतलेली नाही. तिथून कुणी मागे वळून बघितलं नाही.