गोधड्यांनी केलेला अंधार

मास्तर मंडळींनो, आज दुपारचीच गोष्ट सांगतो.

भिंतीवर चित्रं दाखवणारा रॉकेलचा दिवा भोकरदनहून मोठ्या हौसेनं आणला. धावड्याच्या आपल्या शाळेत लावला, तर भिंतीवर काहीच दिसेना! भर उन्हाची वेळ आणि खिडक्यांना दारंच नाहीत. असा वैतागलो म्हणून सांगू!

पोरं म्हणाली, "गुर्जी, घरून गोधड्या आणतो," आणि पळालीच. खिडक्या झाकल्या तसा भिंतीवर समुद्र दिसला. त्यात जहाज. पोरं गुडघ्यांवर उठून बघायला लागली.

तेवढ्यात वर्गातल्या शिरपतीची आई तिची गोधडी परत न्यायला तणतणत आली. तिच्या लेकीला, गंगूला, शाळेत घाला म्हणून मी किती जोडे झिजवले, पण बाई बिलकुल ऐकत नव्हती. आज मात्र दारातच थांबली, मंग हळूच खाली बसली.

"एवढं पाणी असतंय, गुर्जी?"

शाळा सुटल्यावर मी गोधडी काढून द्यायला लागलो. म्हणाली, "राहू द्या. उद्या गंगू येईल. तिला बी दिसू द्या."

तुम्ही वर्गात अंधार कशानं करता, मंडळी? मी तर ती गोधडी आता खिडकीवरून हलवणार न्हाई.